आजोबांच्या डब्यातले दाढीचे ब्रश: वापरू का नुसते मांडून ठेवू?

रामबागी (इंदूर):

नमस्कार मंडळी, विषय वाचून हसाल, पण घरी सगळ्यांचं हसून झालंय त्यामुळे मला आता फरक पडत नाही. मी दाढीचे ब्रश जमवतो.

सुरुवात अशी झाली की गेल्या दिवाळीआधी रामबागेतल्या जुन्या घराच्या माळ्यावरचं सामान काढायला घेतलं, त्यात आजोबांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला, वरून सुतळीनं घट्ट बांधलेला. काकांना वाटलं घराचे कागद असतील (त्यांना कुठल्याही डब्यात घराचेच कागद दिसतात), मला वाटलं होळकरी नाणी असतील, आणि उघडला तर आत सात दाढीचे ब्रश, वर्तमानपत्राच्या तुकड्यात एकेक वेगळा गुंडाळलेला. आजोबा महूला छावणीत एका ठेकेदाराकडे हिशेब लिहायचे, गोरे लोक गेल्यावर तिथलं बरंच सामान किलोच्या भावानं निघालं, त्यातलेच काही असावेत असा बाबांचा अंदाज. बाबांना बाकी काही आठवत नाही, त्यांना एवढंच आठवतं की त्या डब्याला हात लावला की फटका बसायचा.

तेव्हापासून मला किडा चावला. महूच्या भंगारवाल्यांकडून, एका बंद पडलेल्या सलूनमधून, मामांच्या बाथरूममधून असे करत आता एकतीस झालेत. बायको म्हणते एकतीस ब्रश आणि दाढी आठवड्यातून दोनदा, हिशेब कसा लावायचा.

तर मुद्दे. एक, एका ब्रशची मूठ जुन्या तुपासारखी पिवळी, गुळगुळीत, हाताला जड, त्यावर बारीक इंग्रजी अक्षरात एव्हर रेडी आणि खाली स्टरिलाइझ्ड असं कोरलंय. काका म्हणतात हस्तिदंत आहे, कोणाला बोलू नको. खरंच हस्तिदंत असेल का? आणि दाढीच्या ब्रशवर स्टरिलाइझ्ड कशाला लिहितील, तो काय ऑपरेशनला वापरायचा होता?

दोन, एक साधा लाकडी दांडीचा आहे, त्यावर नंबर ठोकलाय आणि नंबराशेजारी बाणासारखी खूण आहे, कोंबडीच्या पावलासारखी म्हणा.

तीन, केस कशाचे हे कसं ओळखायचं? आईनं कुठेतरी ऐकलंय की डुकराचे असतात, तेव्हापासून डबा स्वयंपाकघराच्या बाजूच्या कपाटातून बाहेर गॅलरीत गेलाय.

आणि चार, हे सांगायला लाज वाटते, पण एक ब्रश मी मारला. काळी मूठ, केस दाट, छान होता. कुबट वास येत होता म्हणून भांड्यात पाणी उकळलं, कपड्याचा साबण टाकला आणि त्यात बुडवून वीस मिनिटं विसरलो. काढला तर मुठीला उभी चीर आणि केसांचा अख्खा झुबका बुचासारखा हातात आला. आता त्याचं काही करता येईल का?

दाढीपुरता_माणूस:

तुमचे काका थोर आहेत. पण हस्तिदंत असण्याची शक्यता फार कमी, कारण एव्हर रेडी म्हणजे अमेरिकन सेफ्टी रेझर कंपनी, ब्रुकलिनवाली, हे लोक लाखांनी माल काढायचे, हत्ती परवडला नसता. मला वाटतं कॅटालिन असेल, म्हणजे जुन्या काळचं एक प्लॅस्टिक. ते बेकलाइटच्याच जातीचं, पण बेकलाइटमधे भुसा वगैरे भरण असायचं म्हणून ते काळं-तपकिरी, कॅटालिन मात्र भरण न घालता ओतायचे म्हणून रंग मस्त यायचे. तुमचा ब्रश दुकानात होता तेव्हा बहुतेक पांढरा किंवा सायीच्या रंगाचा असेल, वर्षानुवर्षं हवा लागून असा पिवळा होतो. तो पिवळेपणा पॉलिश करून घालवू नका हां, जमवणारे त्याच्यासाठीच जास्त पैसे मोजतात.

तपासायचं असेल तर मूठ अंगठ्यानं जोरात घासा, गरम लागेपर्यंत, आणि लगेच वास घ्या. दवाखान्यात फरशी पुसल्यावर येतो तसा कार्बोलिक वास आला तर कॅटालिन किंवा बेकलाइट. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, तेही जुनं प्लॅस्टिकच. काहीच वास नाही आला तर भिंगातून बुडाकडून बघा, हस्तिदंतात एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते, हाडात काळे ठिपके दिसतात. आणि कोणी तापलेली सुई टोचून बघ म्हणालं तर टोचू नका, सेल्युलॉइड निघालं तर भपकन पेटेल, दाढीच्या छंदात भुवया जातील.

जर निघालंच हस्तिदंत तर काकांचं बोलू नको हे बरोबर नाही, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९८६ आणि १९९१ साली ज्या दुरुस्त्या झाल्या त्यानंतर हस्तिदंताचा व्यापार, आपला असो नाहीतर आफ्रिकेतला, सगळाच बंद आहे. विकणं, विकत घेणं दोन्ही नाही. वकिलाला विचारा आणि तोवर गुपचूप ऑनलाइन फोटो टाकू नका.

केसांचं सोपं आहे. मधूनच एखादा सुटा केस मिळाला तर चिमट्यात धरून काडी लावा. जळून राख झाली, केस जळल्याचा वास आला, म्हणजे जनावराचा. वितळून मण्यासारखी गोळी झाली तर नायलॉन. आता जनावरात कुठलं, तर टोकाला पांढरा मग काळा पट्टा मग परत फिका असं दिसलं तर बॅजर, म्हणजे बिज्जूच्या नात्यातला प्राणी, चीनकडून येतात ते केस. एकसारखे राठ पिवळट आणि टोकं फाटलेली तर डुक्कर. टोकं फाटलीत म्हणून खराब समजू नका, उलट तेच तर पाहिजे, वापरून वापरून टोक फुटतं आणि गालाला मऊ लागतं. आईंना सांगू नका पण बहुतेक जुन्या ब्रशमधे तेच असतात.

जुना_बाजार:

वरच्यांनी हस्तिदंताचं बरोबर सांगितलं, पण स्टरिलाइझ्डचा प्रश्न तसाच राहिला, आणि खरी गोष्ट तर तीच आहे.

पहिल्या महायुद्धाच्या वेळी इंग्लंड-अमेरिकेत लोकांना दाढीच्या ब्रशमुळे अँथ्रॅक्स व्हायला लागला. अँथ्रॅक्स म्हणजे गुराढोरांना होतो तो, आपल्याकडे काळपुळी म्हणतात. झालं असं की बॅजरचे केस महाग, म्हणून घोड्याचे केस रंगवून, पट्टे पाडून नकली बॅजर करायची टूम निघाली. हे घोड्याचे केस रशिया, चीन वगैरे भागातून यायचे, लढाईच्या आधी त्यातला बराच माल जर्मनीमार्गे यायचा आणि तिथे त्याच्यावर नीट प्रक्रिया व्हायची. लढाई सुरू झाली, तो रस्ता बंद, मग माल थेट यायला लागला, आणि धुण्या-वाफेची टाळाटाळ झाली. फौजेत तर हजारो जवानांना स्वस्त ब्रश वाटलेले. दाढी करताना जरा कापतंच, जिथे कापलं तिथे ब्रशमधले बीजाणू गेले की तीन-चार दिवसात काळं खपलीवालं गळू. दोन्ही देशात मिळून दोनशेच्या वर लोकांना झालं, काही मेलेसुद्धा. १९२० मधे तर इंग्लंडनं जपानी दाढीच्या ब्रशांची आयातच बंद केली होती.

म्हणून मग कंपन्यांनी गिऱ्हाईकाची भीती घालवायला मुठीवर स्टरिलाइझ्ड ठोकायला सुरुवात केली. म्हणजे तुमच्या ब्रशवर जे कोरलंय ती त्या काळातली जाहिरात समजा, आणि माफीनामा पण. मला तरी सगळ्या ब्रशात हेच आवडतं, की एका शब्दावरून अख्खी भानगड कळते.

आता लाकडी ब्रश. कोंबडीचं पाऊल म्हणताय तो ब्रिटिश सरकारी मालाचा बाण, त्यांच्या लष्करी सामानावर असायचा, बंदुकीपासून चमच्यापर्यंत. नंबर बहुतेक शिपायाचा, सामान हरवू नये म्हणून स्वतःच ठोकून घ्यायचे. महूचा असणं अगदी पटतं. पण हा ब्रश नक्की कुठल्या सालचा हे ठरेपर्यंत तोंडाला लावू नका. अँथ्रॅक्सचे बीजाणू कोरड्यात दशकानुदशकं टिकतात, उकळून घरच्याघरी मारायची खात्री नाही. धोका अगदी बारीक आहे, मी घाबरवत नाही, पण एका दाढीसाठी कशाला. काचेच्या बरणीत ठेवा, बघा, खूश व्हा.

रामबागी:

बापरे. मी हे मोठ्यानं वाचून दाखवायची चूक केली. आईनं आधी गॅलरीत ठेवलेला डबा आता गच्चीवर नेलाय आणि मला डेटॉलनं हात धुवायला लावले, कोपरापर्यंत. लाकडीवाला तर मी चार दिवसांपूर्वी गालावर नुसता फिरवून बघितला होता, कोरडाच, हे तिला सांगितलेलं नाही.

पिवळी मूठ घासली, वास आला, अगदी दवाखान्याचाच. काकांचा चेहरा पडला. कॅटालिन नाव त्यांना दोनदा सांगितलं तरी ते बाहेर सगळ्यांना कॅरोलिन सांगतायत.

आणि एक, राणीपुऱ्यात एक माणूस म्हणाला मुंगसाच्या केसांचा ब्रश देतो, एकदम रेअर. घ्यावा का?

जुना_बाजार:

अजिबात नको!! मुंगूस आपल्याकडे संरक्षित प्राणी आहे, त्याच्या केसांचे ब्रश विकणं-घेणं दोन्ही गुन्हा, चित्रकारांच्या ब्रशसाठी लाखो मुंगसं मारली म्हणून वनखात्याच्या धाडी पडतात. खरा असेल तर तुम्ही अडकाल, खोटा असेल तर फसाल.

कात्रीवाला (मालवा मिल):

भिया मी सलूनवाला आहे, वडिलांपासून धंदा, माझी मराठी इंदुरी आहे सांभाळून घ्या. तुम्ही लोक ब्रश बघता, मी पाणी बघतो. इंदूरला ब्रश खराब नाही होत, पाण्यानं खराब होतो. नर्मदेचं पाणी येतं जलूदहून सत्तर किलोमीटर, ते ठीक, त्यात फेस उभा राहतो. पण नळ एक दिवसाआड, मधल्या दिवशी बोअर, आणि बोअरचं पाणी इतकं भारी की साबण फेस नाही देत, दही देतो. ते दही केसांच्या मुळाशी बसतं, सुकतं, मग केस तिथूनच तुटतो आणि तुम्ही म्हणता ब्रश गळून राहिलाय.

उपाय, पांढरा सिरका (व्हिनेगर) एक वाटी पाण्यात एक-दोन चमचे, पाणी कोमट, त्याच्यात फक्त केस बुडवा, मूठ नाही, पाच मिनिटं, मग साध्या पाण्यानं धुवा आणि झटका. महिन्यातून एकदा पुरे. कपड्याचा साबण नको, उकळतं पाणी तर विसराच. वडील सांगायचे ब्रशला आंघोळ घाला, शिजवू नका.

दुसरी गोष्ट, डुकराचा ब्रश नवा असेल तर पहिल्या दिवशी वैतागून फेकू नका. दाढीच्या आधी दोन-तीन मिनिट पाण्यात उभा करा, फुगू द्या. पंधरा-वीस वेळा फेस करून वाटीत धुऊन टाका, दाढी नाही केली तरी चालेल. बॅजर पटकन पाणी धरतो, सोडतो पण पटकन, त्यामुळे छातीवर ओघळ येतो. गिऱ्हाईकाला ओघळ आवडत नाही. म्हणून सलूनमधे मी नायलॉनवाला ठेवतो, लवकर सुकतो, जंतुनाशकात बुडवता येतो, दिवसाला तीस तोंडं होतात. घरी मात्र वडिलांचाच वापरतो, डुकराचा, त्याच्या मुठीला रंग राहिला नाही पण पकड बसलीय, अंगठ्याच्या जागी खळगा पडलाय.

ब्रश वापरून झाला की पिळू नका, मूठ धरून दोनदा झटका आणि उभा ठेवा, केस वर. बंद कपाटात ओला ठेवला की वास येणारच.

सूरसागर_किनारी (बडोदे):

मी बडोद्याहून. तुमच्या मारलेल्या ब्रशसाठी लिहितोय कारण मी असे अकरा जिवंत केलेत.

मूठ चिरलीय ती आरपार आहे का वरवरची ते बघा. वरवरची असेल तर काम होईल. आता हा रिकामा खड्डा नीट साफ करायचा, आतला जुना राळ-रबर कोरून काढायचा. ड्रिल लावायचं तर अगदी हळू, मधे मधे थांबून, कारण कॅटालिन-बेकलाइट तापलं की तडकतं. मी पहिल्यांदा घाईत लावलं आणि मुठीचे दोन तुकडे टेबलावर, घरची म्हणाली आता जोडीनं वापरा. त्यानंतर मी हातानंच कोरतो, संध्याकाळी बातम्या बघत, दोन दिवस लागले तर लागले.

मग व्हर्नियरनं खड्ड्याचा व्यास मोजा. समजा २४ मिलिमीटर आला तर तेवढ्याच किंवा केसभर कमी मापाचा नवा झुबका मागवायचा, याला नॉट म्हणतात, सिंथेटिकमधे टक्सेडो नावाचा काळा-पांढरा मिळतो तो बॅजरसारखा दिसतो आणि गालाला मऊ आहे, आईंचाही प्रश्न मिटेल. मुठीच्या वर केस किती उंच राहणार याला लॉफ्ट म्हणतात, साधारण व्यासाच्या दुप्पट, म्हणजे २४ ला ४८-५०. जास्त ठेवला तर ब्रश लोळतो, कमी ठेवला तर केरसुणीसारखा टोचतो. खड्डा खोल असेल तर खाली वॉशर टाकून उंची जुळवा. चिकटवायच्या आधी कोरडाच बसवून एकदा गालावर फिरवून बघा, हे सगळे विसरतात. मग अरॅल्डाइट, थोडंच, कडेला मास्किंग टेप, चोवीस तास हात लावायचा नाही.

आता पिवळ्या एव्हर रेडीला मात्र हात लावू नका. त्याच्यातले मूळचे केस, मूळचं रबर, तसंच असू द्या. नवा झुबका घातला की तो वापरायला उत्तम, पण जमवणाऱ्याच्या दृष्टीनं अर्धा गेला. माझं मत आहे हे, भांडायला तयार आहे.

एक राहिलं. सेल्युलॉइडचा एखादा निघाला तर तो बाकीच्यांबरोबर बंद डब्यात ठेवू नका, जुनं झाल्यावर त्यातून आंबट वाफ सुटते, शेजारच्यांच्या मुठी आणि धातूच्या कड्या खाते. आणि खऱ्या केसांना कसर लागते, लोकरीला लागते तशीच. माझ्या एका बॅजरला मधोमध टक्कल पडलं तेव्हा कळलं. आता महिन्यातून एकदा सगळे बाहेर काढून झटकतो.

एकच_पुरे:

सगळं वाचलं, फार छान माहिती. माझ्याकडे एक ब्रश आहे, नाक्यावरच्या किराणा दुकानातून घेतलेला, लाल प्लॅस्टिकची मूठ, एकोणीस वर्षं झाली, ना लॉफ्ट माहीत ना नॉट. गुळगुळीत दाढी होते. नक्की काय चुकतंय माझं?

दाढीपुरता_माणूस:

काही चुकत नाहीये, फक्त तो गळायला लागला की फेकू नका, रामबागींना पाठवा. पुढच्या पिढीत तो लाल प्लॅस्टिकच दुर्मिळ होणार आहे. पितळेचे बंब फेकले तेव्हा कोणाला वाटलं होतं.

रामबागी:

मंडळी, आठ दिवसांनी लिहितोय. काय काय झालं ते सांगतो.

पिवळा तसाच ठेवला, फक्त कोरड्या मऊ फडक्यानं पुसला. लाकडी बाणवाला लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, झाकण लावून, पुस्तकांच्या कपाटात वरच्या फळीवर. आईला सांगितलं की तो आता सीलबंद आहे, तर ती म्हणाली मग बरणीवर तसं लिही, नाहीतर कोणी कैरी घालेल.

मारलेल्या काळ्याची चीर वरवरचीच निघाली. आठवडाभर रोज रात्री आतलं काळं रबर कोरत बसलो, चण्याएवढे चण्याएवढे तुकडे निघत होते. व्यास २२ आला. सिंथेटिक नॉट मागवला, कोरडा बसवून फिरवला (हो, लक्षात ठेवून), जरा उंच वाटला म्हणून खालचा एक वॉशर कमी केला आणि काल अरॅल्डाइट लावलं. बाबा इतके दिवस लांबून बघत होते, काल येऊन बसले आणि मूठ हातात घेऊन म्हणाले, हा आजोबांचा नाही, हा माझा आहे. कॉलेजात असताना आजोबांनी दिला होता आणि मग बाबांनी दाढीच ठेवली म्हणून परत डब्यात घातला. म्हणजे वीस मिनिटं मी बाबांचा ब्रश शिजवत होतो आणि ते शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते.

त्यामुळे पहिली दाढी बाबाच करणार असं ठरलंय, चाळीस-बेचाळीस वर्षांची पांढरी दाढी आहे, आई म्हणते आधी कात्रीवाल्यांकडे नेऊन बारीक करून आणा, घरात नको. कात्रीवाले, रविवारी सकाळी गर्दी असते का? आज चोवीस तास पूर्ण झाले पण नळाला पाणी उद्या, टाकीत आत्ता बोअरचंच आहे, म्हणून थांबलोय.